गांधीलमाशीच्या घरात वाढणारी माशी: व्होलुसेलाविषयी तीन प्रश्न

प्रश्न थोडक्यात असे आहेत. फुलांवर गांधीलमाशीएवढी मोठी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी दिसली. फोटो मोठा करून पाहिला तर पंख दोनच, आणि कोणीतरी नाव सांगितलं ‘व्होलुसेला’. ती डंख मारते का? गांधीलमाशीचं सोंग घेऊन ती तिच्या घरट्यात शिरते आणि तिची पिल्लं खाते हे खरं का? आणि हिवाळ्याच्या तोंडावर जमिनीतलं एक ओस पडलेलं घरटं उकरलं तेव्हा तळाशी मळकट, काटेरी अळ्या सापडल्या, त्या हिच्याच का आणि त्यांचं करायचं काय?

डंखाचं उत्तर सोपं आहे: नाही. हिला नांगी नाही आणि चावायला जबडेही नाहीत. तोंडाला आहे ती मऊ सोंड, मध आणि परागकण टिपण्यापुरती. हातावर बसली तर घाम चाटेल, त्यापलीकडे काही नाही. अळ्यांचं शेवटी सांगतो. मधल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. त्यातलं अर्धं खरं आहे, अर्धं खोटं आहे, आणि नेमकं खोटं तेच जास्त सांगितलं जातं.

आधी ओळख. सिरफिड माशा म्हटलं की शेतीशी संबंध असलेल्यांना मावा खाणाऱ्या हिरवट अळ्या आठवतात. व्होलुसेलाही त्याच सिरफिड कुलातली. पण सुमारे ६००० जातींच्या या कुलात अळ्यांचे धंदे नाना प्रकारचे आहेत. कोणी मावा खातं, कोणी सडक्या पाण्यात शेपटीएवढी लांब श्वासनळी वर काढून जगतं, कोणी कुजक्या लाकडात, तर कोणी रोपांच्या कंदात. व्होलुसेला ही त्यातली एक प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट. १७६२ मध्ये जॉफ्रॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला हे नाव दिलं. युरोप, आशियाचा थंड पट्टा, हिमालय, जपान आणि उत्तर अमेरिका असा हिचा पसारा आहे. पूर्वी अमेरिकेतल्या कितीतरी माशा याच नावाखाली घातलेल्या होत्या. त्यातल्या बहुतेक आता ‘कोपेस्टायलम’ या वेगळ्या प्रजातीत गेल्या आहेत, म्हणून जुन्या याद्या वाचताना जरा जपून.

मोठ्या आकाराखेरीज हिची हमखास खूण म्हणजे मिशा. माशीच्या मिशा आखूडच असतात, पण प्रत्येक मिशीवर एक केस असतो आणि व्होलुसेलाचा हा केस पिसासारखा दोन्ही बाजूंनी झालरदार असतो. भिंगातून एकदा पाहिला की विसरत नाही. शिवाय चेहरा खाली चोचीसारखा ओढलेला असतो. नर की मादी हे डोळ्यांवरून कळतं: नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे दूर असतात. गांधीलमाशीपासून वेगळी ओळखायला चार गोष्टी पुरतात. पंख दोनच आणि मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक संतोलक, मिशा अगदी आखूड, डोळे डोकं व्यापून टाकणारे, आणि कंबर अजिबात बारीक नाही.

तुमच्या फोटोतली माशी बहुधा व्होलुसेला झोनारिया. ‘झोनारिया’ म्हणजे पट्टेवाली. तिच्या एका पंखाची लांबीच साधारण १५.५ ते २० मिमी असते. छाती तांबूस तपकिरी, पोट पिवळं आणि त्यावर काळे पट्टे. हॉर्नेट या मोठ्या गांधीलमाशीशी तिचं साम्य इतकं आहे की पहिल्यांदा पाहणारा दोन पावलं मागे सरतोच. हिच्याशी गल्लत होते ती व्होलुसेलाच्याच इनॅनिस या जातीची. तीही पिवळी-काळी, पण थोडी लहान, पंख १२ ते १५ मिमी. पाठीवरून दोघींत फसायला होतं, म्हणून मी नेहमी सांगतो, पोटाखालचा फोटो घ्या. पोटाखालचा, छातीकडून मोजलेला दुसरा पट्टा झोनारियाचा काळा असतो, इनॅनिसचा पिवळा. माशी काचेच्या बाटलीत क्षणभर धरून खालून पाहिली की निकाल लागतो, आणि मग तिला सोडून द्यायचं.

माझी स्वतःची सगळ्यात आवडती जात वेगळीच आहे, पेलुसेन्स. काळी कुळकुळीत माशी, आणि पोटाच्या पुढच्या भागावर हस्तिदंती पांढरा रुंद पट्टा. नावाचा अर्थच ‘आरपार उजेड जाणारी’. उन्हाळ्यात दाट झाडीत जिथे वरून उन्हाचा कवडसा पडतो, अशा जागी नर डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून थोडा वर हवेत एका जागी थांबलेला असतो. जवळून दुसरा कीटक गेला की झेपावतो, पाठलाग करतो आणि पुन्हा नेमक्या त्याच ठिकाणी येऊन थांबतो. एकदा मी अशा एका नराखाली जमिनीवर उताणा पडून तासभर पाहत राहिलो. ऊन त्याच्या मागे होतं आणि तो पांढरा पट्टा आतून दिवा लावल्यासारखा उजळलेला होता. पोटाच्या त्या भागात हवेच्या मोठ्या पिशव्या असतात, त्यामुळे तिथून प्रकाश खरोखरच आरपार जातो. इनॅनिसचं नावही याच गुणावरून आलं असावं असं मला वाटतं, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘रिकामी’.

इथे सांगायच्या जातींपैकी राहिल्या दोन. बॉम्बिलान्स ही केसाळ, थेट बंबलबी या गुबगुबीत, लोकरी मधमाशीसारखी दिसणारी. तिच्याकडे पुन्हा येतो, कारण सगळ्या वादाचं मूळ तीच आहे. आणि इन्फ्लाटा, जी गांधीलमाश्यांच्या वाटेलाच जात नाही. तिच्या अळ्या जखमी झाडांच्या सालीतून झरणाऱ्या, आंबलेल्या रसात वाढतात. हा अपवाद लक्षात ठेवा, कारण ‘व्होलुसेला म्हणजे घरट्यात घुसणारी’ असं सरसकट विधान यानेच मोडतं.

आता सोंगाकडे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीटकशास्त्रज्ञांनी एक सुबक तर्क मांडला: बॉम्बिलान्स माशी बंबलबीसारखी दिसते, बंबलबीच्या घरट्यात अंडी घालते, तेव्हा हा वेष घरमालकांना फसवण्यासाठीच असणार. ऐकायला इतकं पटतं की दोनशे वर्षांनीही ते तसंच सांगितलं जातं. पण घरट्याच्या दाराशी बसून पाहिलं की तर्काचे धागे सुटायला लागतात.

घरटं बहुतेक वेळा जमिनीत, उंदराच्या जुन्या बिळात किंवा झाडाच्या ढोलीत असतं. आत काळोख. तिथे कोणाचा रंग कोण पाहणार? बंबलबी काय किंवा गांधीलमाशी काय, आपलं आणि परकं वासाने ओळखतात. दुसऱ्या वसाहतीतली, हुबेहूब आपल्यासारखी दिसणारी बहीण आली तरी तिला हाकलतात. मग नुसत्या रंगरूपाने माशीचं काय भागणार?

पुढचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. बॉम्बिलान्सची एकाच जातीत अनेक रूपं असतात. एक रूप काळं, शेपटीकडे तांबडं, म्हणजे लाल शेपटीच्या बंबलबीसारखं. दुसरं पिवळ्या पट्ट्यांचं, शेपटी पांढरी, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या बंबलबीसारखं. ही रूपं आनुवंशिक आहेत आणि एकाच मादीच्या संततीत दोन्ही निघू शकतात. सोंग घरमालकासाठी असतं तर लाल शेपटीची माशी लाल शेपटीवाल्यांकडे गेली असती आणि पांढरी पांढऱ्यांकडे. तसं होत नाही. कुठल्याही रूपाची मादी कुठल्याही घरट्यात शिरते, आणि बंबलबीसारखी दिसणारी ही माशी साध्या पिवळ्या गांधीलमाशीच्या घरट्यातही वाढते. पेलुसेन्स तर कोणाचीच नक्कल करत नाही, काळी-पांढरी आहे, आणि तरीही गांधीलमाशीच्या घरट्यात बिनधास्त जाते. झोनारिया हॉर्नेटसारखी दिसते, पण तिच्या अळ्या हॉर्नेटच्या घरट्यात सापडतात तशाच तिच्या निम्म्या आकाराच्या साध्या गांधीलमाशीच्या घरट्यातही सापडतात.

म्हणजे वेष आहे तो पक्ष्यांसाठी. फुलावर उघड्यावर बसून पराग खाणाऱ्या, नांगी नसलेल्या लठ्ठ माशीला सगळ्यात मोठी भीती चोचीची. गांधीलमाशी किंवा बंबलबी एकदा तोंडात घेऊन पस्तावलेला पक्षी तसे पट्टे पुन्हा टाळतो आणि त्याच्या आठवणीवर ही माशी जगते. घरट्यात शिरण्याचं कसब हे पूर्णपणे वेगळं प्रकरण आहे. दोन्ही एकाच प्राण्यात दिसतात म्हणून एकाचं कारण दुसऱ्यावर लादायचं नाही, एवढंच माझं सांगणं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

मग ती शिरते कशी? इथे जातीजातीत फरक आहे. पेलुसेन्सची मादी सरळ दारातून आत जाते आणि गांधीलमाश्या तिला फारसा त्रास देत नाहीत. त्यामागे वासाचा काही भाग असावा असा माझा कयास आहे. मी एकदा जमिनीतल्या घरट्याच्या दाराशी, अंगभर जाळी घालून, पोटावर झोपलो होतो. पेलुसेन्सची एक मादी दोन हातांवर गवताच्या पात्यावर येऊन बसली, पाय घासले, मग चालत दारापर्यंत गेली. उडत नाही, चालत. दारातून बाहेर पडणाऱ्या दोन गांधीलमाश्या तिच्या अंगावरून ओलांडून गेल्या. तिने अंग आक्रसून घेतलं, थांबली आणि त्या गेल्यावर आत शिरली. ना पळापळ, ना झटापट.

अंडी घालायची जागा सहसा घरट्यावरचं कागदी आवरण. गांधीलमाशी लाकूड कुरतडून, लाळेत कालवून जो कागद करते, त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांवर पांढरी, लांबट अंडी चिकटवलेली दिसतात. बॉम्बिलान्सला मात्र बंबलबीच्या घरट्यात कधीकधी जिवाची किंमत द्यावी लागते. मालकिणींनी तिला डंख करून मारलं तरी मेल्यावरही तिच्या पोटाची हालचाल चालू राहते आणि अंडी बाहेर येत राहतात, अशी नोंद आहे. आई गेली तरी तिची पिढी घरात पोचते.

आता ‘पिल्लं खाते का’ याकडे येऊ. हे जातीवर अवलंबून आहे आणि इथेच मला सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो.

झोनारिया आणि पेलुसेन्स यांच्या अळ्या मुख्यतः सफाई कामगार. जमिनीतल्या घरट्याखाली एक पोकळी असते आणि वरून सगळं त्यात पडतं: मेलेल्या गांधीलमाश्या, टाकून दिलेली पिल्लं, शिकारीचे उरलेले तुकडे, विष्ठा. या अळ्या त्या ढिगात राहतात आणि तेच खातात. वसाहत ऐन भरात असते तोवर त्या खालीच असतात. शरदात वसाहत मोडकळीला येते. नव्या राण्या निघून जातात, कामकरी थकतात आणि उरलेली पिल्लं अन्नावाचून मरायला लागतात. तेव्हा अळ्या वर पोळ्यात चढून मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या पिल्लांवर ताव मारतात. नेमक्या याच दिवसांत कोणी घरटं उघडून पाहिलं तर त्याला वाटणारच की या अळ्यांनी वसाहत फस्त केली. खरं तर वसाहत तिच्या वयाने संपत आलेली असते. गांधीलमाश्यांच्या या वसाहती एकाच वर्षाच्या असतात आणि थंडीत फक्त नव्या राण्या तग धरतात.

फ्रेंच निरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हे घरट्यात डोकावून पाहिलं होतं. व्होलुसेलाच्या अळ्या पोळ्यावरून फिरतात आणि गांधीलमाश्या त्यांना हातही लावत नाहीत, पण दुसऱ्या कुठल्या किड्याची अळी पोळ्यावर ठेवली की तिचे हाल करतात, हे त्यांनी करून पाहिलं. तेव्हा त्यांनीही मालकाला रंगरूपाने फसवण्याची कल्पना नाकारली होती.

इनॅनिस मात्र खरी परजीवी आहे. तिची कोवळी अळी चपटी असते, इतकी चपटी की गांधीलमाशीची गुबगुबीत अळी आणि तिच्या खोलीची भिंत यांच्यामधल्या फटीत ती सरकते. बाहेरून तिला चिकटते आणि तिच्या अंगातला रस शोषते. शेजारच्याच घरट्यात झोनारियाची अळी तळाचा कचरा साफ करत असते आणि इनॅनिसची अळी वर पाळण्यात शिरून बाळाला पोखरत असते. दिसायला जवळजवळ जुळ्या बहिणी, पण अळीपणाचा धंदा इतका वेगळा. म्हणून ‘व्होलुसेला पिल्लं खाते’ हे वाक्य जात सांगितल्याशिवाय बोलूच नये.

बॉम्बिलान्स या दोघींच्या मध्ये पण सफाईकडे झुकलेली. बंबलबीच्या घरट्यातल्या कचऱ्यावर तिचं बहुतेक आयुष्य जातं. तिच्यामुळे बंबलबी नामशेष होतील अशी भीती कधीकधी कोणी व्यक्त करतं, तिला आधार नाही.

प्रौढ माशीचं जगणं मग सगळं फुलांवर. मध उडण्यासाठी, पराग अंड्यांसाठी. मादीला अंडी धरायला प्रथिनं लागतात आणि ती परागातूनच मिळतात. पसरट, उघडी फुलं हिला जास्त आवडतात, म्हणजे छत्रीसारखे पांढरे तुरे, काटेरी झुडपांची फुलं आणि उन्हाळा सरताना आयव्ही या वेलीचा बहर. युरोपात मे ते ऑक्टोबर या काळात निरनिराळ्या जाती दिसतात, पेलुसेन्स लवकर आणि झोनारिया उशिरापर्यंत. झोनारियाचा पसाराही वाढतो आहे. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकाआधी तिच्या तुरळकच नोंदी होत्या. त्या दशकात ती दक्षिणेत स्थिरावली आणि नंतर उत्तरेकडे सरकत गेली. उन्हाळे उबदार होत गेले त्याच्याशी याचा संबंध जोडला जातो आणि मलाही ते पटतं.

आता तुमच्या अळ्या. वर्णन जुळतं. व्होलुसेलाची पूर्ण वाढलेली अळी मळकट पांढरी किंवा तपकिरी, सुरकुतलेली असते. अंगाच्या कडेने लहान काटेरी उंचवटे, आणि मागच्या टोकाला मांसल टोकांचा छोटा पंखा. त्याच बाजूला मधोमध एक आखूड, तपकिरी, कडक नळी दिसेल, ती श्वासाची. तिथे भिंग धरा. पुढचं टोक निमुळतं असतं आणि डोकं म्हणून काही वेगळं दिसत नाही, आत फक्त तोंडाचे दोन काळे आकडे. घरट्याच्या तळाला इतर माश्यांच्याही अळ्या असतात, त्यांतल्या काही गुळगुळीत तर काही काटेरीही असतात. म्हणून नुसत्या काट्यांवरून व्होलुसेला धरू नका, मागची नळीही पाहा. जात मात्र अळीवरून सांगण्याच्या फंदात पडू नका, त्यासाठी मोठी माशी बाहेर यावी लागते.

या अळ्या आता खात नाहीत. त्यांना हिवाळा अळी म्हणूनच काढायचा आहे आणि वसंतात अळीची कातडीच टणक होऊन तिचा कोष बनतो. त्यामुळे घरट्याचे तुकडे फेकून देऊ नका. अळ्या काढल्या होत्या तिथेच, कचऱ्यासकट, हाताच्या वितीएवढ्या खोल ठेवा आणि वर सैल माती टाका. दाबू नका. जागा सावलीची आणि ओलसर असावी, पण पाणी साचणारी नको, बुडाल्या तर मरतात. माशी बाहेर येताना पाहायची असेल तर एक-दोन अळ्या ओलसर माती भरलेल्या मातीच्या कुंडीत, वर जाळी बांधून, उघड्यावरच ठेवा. घरात उबेला आणाल तर माशी भलत्या वेळी निघेल आणि बाहेर फूल नसेल. वसंत संपता संपता रोज सकाळी जाळी पाहत जा. नुकती निघालेली माशी आधी मऊ, फिकट असते, पंख चुरगळलेले. ते वाळून ताणले जाईपर्यंत तिला धक्का लावायचा नाही. मग जाळी सोडा आणि ती उडायच्या आत पोटाखालचा एक फोटो घ्या. दुसरा पट्टा काळा की पिवळा, ते मला कळवा.